अमेरिकन मोटार आणि आपले मिस्त्री

मोटारीचा इतिहास लिहावयास बसलेला माणूस बहुधा कारखान्याच्या फाटकापाशी सुरुवात करतो आणि विक्रीच्या दुकानापाशी थांबतो. गाडी कोणी काढली, कोणत्या साली काढली, तिला किती सिलिंडर होते आणि ती कोणत्या राजेसाहेबांनी घेतली, एवढे सांगून झाले की त्याचे काम संपते. वास्तविक मोटारीचे आयुष्य ती प्रथम बंद पडते त्या दिवशी सुरू होते. त्या दिवशी तिचा आणि धन्याचा खरा परिचय होतो, आणि त्याच दिवशी एक तिसरा माणूस तिच्या आयुष्यात येतो. त्याच्या अंगावर तेलकट खाकी कपडे असतात, कानावर विडी असते, आणि बोनेट उघडण्यापूर्वी तो काही क्षण नुसता ऐकत उभा राहतो. हा माणूस इतिहासात कोठेच सापडत नाही. अमेरिकन गाड्यांनी आपल्या रस्त्यांवर निदान पन्नास वर्षे काढली, ती त्याच्या जिवावर. म्हणून त्याच्या बाजूने हा इतिहास एकदा सांगावा असे पुष्कळ दिवस मनात होते.

मी नाशिक रोडचा. आमचे गाव म्हणजे मुळात रेल्वेने वसवलेले स्टेशन. शहर पाच-सहा मैल दूर. तेथवर जाण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांची ट्राम निघाली होती, तिच्या गोष्टी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या. पुढे १९२५च्या सुमारास नोटा-तिकिटे छापणारा सरकारी छापखाना आला, शेजारी देवळालीची छावणी होतीच, आणि देवळालीच्या हवेसाठी मुंबईहून येणारी पारशी कुटुंबेही होती. या तिन्हींच्या पायी आमच्याकडे मोटारी लौकर आल्या. सिन्नर फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या आणि त्यांत गॅरेजे थाटली गेली. मुंबईहून निघालेली गाडी कसाऱ्याचा घाट चढून येई ती तापून, धापा टाकीत. आणि घाटात जे काही बिघडले असेल त्याचा हिशेब या शेडींत होई. आमच्या मिस्त्रींची शाळा म्हणजे तो घाट, असे म्हटले तरी चालेल.

या गाड्या आल्या कोठून, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. फोर्ड कंपनीने १९२६ साली हिंदुस्थानात आपली शाखा काढली. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना घातला आणि तेथून शेवरोलेट गाड्या बाहेर पडू लागल्या. सुटे भाग पेट्यांतून यावयाचे आणि येथे जोडावयाचे, एवढाच तो उद्योग होता. मोटार येथेच घडवावी असा ध्यास विश्वेश्वरय्या आणि वालचंद हिराचंद या दोघांनी घेतला. वालचंद १९३९ साली अमेरिकेस गेले, क्रायस्लर कंपनीशी त्यांचे जमले, पण महायुद्ध आडवे आले आणि सरकारने हात वर केले. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या घराण्यातील गाड्या निघू लागल्या. त्यांची गंमत अशी की, पुढच्या काळात डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट या नावांनी ज्या तीन गाड्या तीन विक्रेते विकीत, त्या जवळजवळ एकच होत्या. पुढची जाळी आणि नावाची अक्षरे तेवढी निराळी. धनी आपापल्या गाडीचा अभिमान वाहत. मिस्त्री मात्र बोनेट उघडून हसे, कारण आत तेच सहा सिलिंडरांचे इंजिन असे.

युद्धाने आणखी एक भर घातली. फोर्ड आणि शेवरोलेटच्या लष्करी ट्रक आणि विलिसच्या जीपगाड्या छावण्यांतून राहिल्या आणि युद्धानंतर लिलावात निघाल्या. १९४८ साली मुंबई राज्याची एस. टी. सुरू झाली, पहिली गाडी पुणे-नगर रस्त्यावर धावली, तेव्हा जमलेल्या गाड्यांत शेवरोलेट होत्या, फोर्ड होत्या, स्टुडबेकरही होत्या. ज्याला फिटर म्हणून पोट भरावयाचे त्याला अमेरिकन इंजिन समजून घेणे भागच होते.

आणि मग दार मिटले. १९४९ साली तयार मोटारींची आयात बंद झाली. १९५३ साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. येथे गाड्या घडविण्याचा कार्यक्रम ज्यांच्याजवळ नाही त्यांनी नुसती जोडणी करीत राहू नये, असे धोरण ठरले. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद झाला. कंपनी गेली, गाड्या राहिल्या. १९५७च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई पडली आणि सुट्या भागांचीही वाट अरुंद झाली. आमच्या विषयाला खरे वळण येथे लागते.

अमेरिकेत मिस्त्रीजवळ कंपनीचे पुस्तक असे, मोजमापाची यंत्रे असत, आणि भिंतीला लागून नव्या भागांची कपाटे असत. कंडेन्सरचा संशय आला, नवा बसवा. पंपाचा संशय आला, नवा बसवा. तीन भाग बदलल्यावर गाडी सुरू झाली तर तिन्हींपैकी दोषी कोण होता याची चौकशी कोण करतो? आपल्याकडे कंडेन्सरच एक असे, तोही दुसऱ्या गाडीचा काढलेला. म्हणून दोष नेमका कोठे आहे हे आधी कळणे भाग होते. त्यातून टॅक्सीवाल्याची गाडी विनाकारण खोलली तर पंधरा दिवस त्याच्या घरची चूल मंदावे. चुकीच्या निदानाची किंमत मिस्त्रीच्या गिऱ्हाइकाला पोटाला चिमटा घेऊन द्यावी लागे. निदानशास्त्र आपल्या गॅरेजांत वाढले ते या गरजेपोटी.

त्याचे पहिले सूत्र साधे आहे. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, योग्य वेळी करंट, आणि सिलिंडरात पुरेसा दाब. तिन्हींपैकी कोणती नाही हे ठरल्याशिवाय पान्याला हात लावावयाचा नाही. घाटातलेच उदाहरण घ्या. वैशाखातली दुपार, कसाऱ्याच्या चढावर गाडी दोनदा आचके देते आणि थांबते. अर्धा तास सावलीत उभी केली की मुकाट्याने सुरू होते. आता याला कारणे तीन संभवतात. पेट्रोलचे हलके अंश चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. तापलेल्या नळीत वाफ झाली की पंप वाफच ओढीत बसतो आणि कारब्युरेटर कोरडा पडतो. किंवा उलट, कारब्युरेटरातलेच पेट्रोल उकळून इंजिनात उतू जाते आणि प्लग ओले होतात. किंवा पेट्रोलचा काही संबंधच नसतो. तापल्यावर कॉइल किंवा कंडेन्सर दगा देतो आणि थंड झाला की पुन्हा शहाणा होतो. तिन्हींचे बाह्य लक्षण एकच, तिन्ही अर्ध्या तासाने बरे होतात. मग ओळखावयाचे कसे?

मिस्त्री एअर क्लीनर उचलून कारब्युरेटरच्या घशात पाहतो आणि हाताने ॲक्सिलरेटरचा दांडा दाबतो. आत पेट्रोलची पिचकारी उडाली नाही, तर वाफेचा दोष. पंपावर ओले फडके टाका आणि विडी ओढा. पिचकारी उडाली, पण घशात आधीच पेट्रोल पाझरते आहे आणि वास दरवळतो आहे, तर उतू गेले आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. पिचकारी स्वच्छ आहे, पूरही नाही, तर पेट्रोलला सोडा आणि करंटकडे वळा. या सर्वाला दोन मिनिटे लागतात आणि एकही भाग लागत नाही. अर्थात हे त्याच वेळी, गाडी तापलेली असतानाच करावे लागते. गॅरेजात थंड होऊन आलेली गाडी म्हणजे वैद्याकडे ताप उतरल्यावर आणलेला रोगी.

प्रत्येक इंजिनाचा स्वभाव निराळा होता आणि दुखणीही निराळी. फोर्डने १९३२ साली स्वस्त गाडीत आठ सिलिंडरांचे व्ही इंजिन घातले, ६५ अश्वशक्तीचे. जगाने तोंडात बोट घातले. परंतु त्याच्या रचनेत जळलेला वायू ब्लॉकमधूनच, सिलिंडरांच्या शेजारून बाहेर नेलेला होता. म्हणजे जी उष्णता बाहेर टाकावयाची तीच पाण्याला पुन्हा भेटून जाई. त्यात पेट्रोलचा पंप इंजिनाच्या माथ्यावर, मागच्या बाजूला. डेट्रॉइटच्या थंडीत हे खपून गेले असेल. घाटात फोर्डवाल्याजवळ पाण्याचा डबा आणि ओले फडके ही गाडीचीच अंगे समजली जात.

शेवरोलेटचे सहा सिलिंडरांचे इंजिन १९२९ सालचे, वर व्हॉल्व्ह असलेले, मोठे सोशिक. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना बहुतेक गाड्यांत १९५३ सालापर्यंत पंपाच्या दाबाचे तेल नव्हतेच. रॉडच्या बुडाला लहानशी पळी असे. ती फिरता फिरता तेलाच्या पन्हळीत बुडे आणि तेल उचलून घेई. तेल थोडे कमी झाले आणि गाडी फार पळवली की बेअरिंगचा पांढरा धातू झिजे आणि इंजिन ठकठक करू लागे. सहांतला ठोकणारा सिलिंडर कोणता? इंजिन सावकाश चालू ठेवून मिस्त्री लाकडी मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरने एकेका प्लगचा करंट अंगावर उतरवून देई. ज्या प्लगला टेकताच ठोका दबे, त्याच सिलिंडरात स्फोट व्हावयाचा थांबला म्हणून बेअरिंगवरचा भार उतरला, हे उघड आहे. मग खालून चेंबर सोडून तेवढाच रॉड उतरवावयाचा. पातळ पत्र्याच्या चकत्या काढून सैलपणा घालवता आला तर ठीक, नाही तर पांढरा धातू वितळवून नव्याने ओतावयाचा आणि शाफ्टला निळी शाई लावून हाताने तासून बसवावयाचा. हे ओतकाम-तासकाम करणारे हात आता नाशिकात शोधून काढावे लागतील.

याच शेवरोलेटच्या गिअरबॉक्सची एक खोडी सांगण्यासारखी आहे. १९५४ सालापर्यंत या गाड्यांचा मागच्या चाकांकडे जाणारा दांडा एका बंद नळीत असे. नळीच्या पुढच्या टोकाचे बुश आणि सील झिजले की गिअरबॉक्समधले तेल नळीतून हळूहळू मागे वाहत जाई आणि डिफरन्शियल भरून उतू जाई. ते तेल शेवटी मागच्या चाकांच्या ब्रेकांवर उतरे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येई ती ब्रेक लागत नाहीत म्हणून. नवखा फिटर ब्रेकचे लायनिंग बदली आणि महिन्याने पुन्हा तोच प्रकार होई. जाणता फिटर प्रथम गिअरबॉक्सचा नट काढून बोट घाली. आत कोरडे लागले की ब्रेकच्या दुखण्याचे मूळ चार हात पुढे आहे हे त्याला कळे.

पण माझ्या मते या सर्व विद्येचा कळस डॉज-प्लिमथच्या इंजिनात होता. हे इंजिन बाजूला व्हॉल्व्ह असलेले, कमी दाबाचे. कसलेही पेट्रोल पचवणारे. त्याचा एकच गुप्त आजार. ब्लॉकच्या आत, पाण्याच्या पंपामागे, इंजिनाच्या लांबीइतकी एक चपटी नळी सरकवलेली असे. तिला भोके ठेवलेली, ती अशासाठी की थंड पाणी थेट प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीपाशी पोचावे. ही नळी बाहेरून दिसत नाही. आपल्या विहिरींच्या जड पाण्याने ती आतल्या आत गंजून जाई. मग पुढच्या दोन सिलिंडरांना पाणी मिळे आणि मागचे दोन भाजत राहत. काट्यावर उष्णता फारशी दिसेलच असे नाही, पण घाट चढताना ताकद कमी पडे आणि मागचे व्हॉल्व्ह जळत. रेडिएटर साफ करा, थर्मोस्टॅट काढून टाका, व्हॉल्व्ह घासून बसवा. सहा महिन्यांनी पुन्हा तेच मागचे व्हॉल्व्ह जळालेले. तेच व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा का जळतात, असा प्रश्न ज्याने विचारला त्याला ती नळी सापडली. रेडिएटर उतरवून, पंप काढून, तारेचा आकडा करून ती ओढावी लागे, आणि बहुधा तुकड्या-तुकड्यांनी येई. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या मिस्त्रींनी अशा एका नळीचे अवशेष खिळ्याला टांगून ठेवले होते. नव्या पोराला ते एवढेच सांगत, "जे दिसत नाही ते आधी विचारात घे."

यानंतर काळ बदलला. शेवरोलेटने १९५५ साली नवे, हलके व्ही-आठ इंजिन आणले. १९५८ साली इंपाला आली. १९६४ साली पाँटिॲकने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंची, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचे इंजिन बसवून जीटीओ काढली, आणि ज्यांना अमेरिकेत पुढे 'मसल कार' म्हणू लागले त्या दांडग्या गाड्यांची लाट उसळली. त्याच सुमारास आपल्या रस्त्यावर धावणाऱ्या फियाटचे इंजिन १०८९ सी. सी.चे होते, ही तुलना पुरेशी बोलकी आहे. अमेरिकेत ही लाट दहा वर्षे टिकली. धुरावरचे निर्बंध, विम्याचे वाढते दर आणि १९७३ सालची तेलाची कोंडी यांनी ती ओसरली. आपल्याकडे अशा गाड्या आल्या त्या वकिलातींच्या मार्गाने, संस्थानिकांकडे, किंवा सिनेमातल्या मंडळींकडे. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या हाताने इतरत्र. इंपाला त्यांतल्या त्यात अधिक दिसे. नाशिकला अशी गाडी आली की पोरांचा घोळका जमे आणि मिस्त्री मात्र जरा गंभीर होई.

कारण या गाड्यांनी जुने ज्ञान अपुरे पाडले. पहिला प्रश्न पेट्रोलचा. दांडग्या इंजिनांचा दाब दहास एक किंवा त्याहून अधिक. आपले पेट्रोल त्याला फार हलके. चढावर इंजिन वाळूचे खडे हलवल्यासारखे खुळखुळे. उपाय म्हणजे टायमिंग मागे घेणे किंवा हेडखाली जाड पॅकिंग घालणे; दोन्हींत ताकद जाई. दुसरा प्रश्न मापांचा. व्हॅक्यूम गेजचा काटा धडधाकट इंजिनावर समुद्रसपाटीला साधारण १७ ते २१ इंच दाखवतो, असे पुस्तक सांगते. पण दर हजार फूट उंचीला तो सुमारे एक इंच उतरतो. नाशिक जवळजवळ दोन हजार फुटांवर. मुंबईत १८ दाखवणारी गाडी येथे १६ दाखवणार, आणि पुस्तक उघडून बसलेला माणूस तिच्या रिंगा गेल्या असे ठरवून इंजिन खोलणार! काटा स्थिर आहे की ठराविक तालाने झटके देतो आहे, हे आकड्यापेक्षा महत्त्वाचे. स्थिर पण किंचित खाली, तर ती नाशिकची हवा. ठेक्यात झटका, तर एखादा व्हॉल्व्ह.

तिसरी गोष्ट नीटनेटकेपणाची. शेवरोलेटच्या व्ही-आठ इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. पाचवा आणि सातवा सिलिंडर एकाच बाजूला शेजारी-शेजारी, आणि क्रमातही लागोपाठ. त्यांच्या प्लगच्या तारा एकमेकींना लगटून नेल्या, तर पाचव्याच्या तारेतल्या करंटाची छाया सातव्याच्या तारेत उमटते आणि सातवा वेळेआधीच पेटतो. एका हौशी गृहस्थांनी सर्व तारा सुतळीने सुबक जुडी करून बांधल्या होत्या. गाडी मिसिंग मारू लागली. प्लग झाले, पॉइंट झाले, कारब्युरेटरही झाला. शेवटी कोणी तरी सुतळी कापली आणि दोन तारा दूर केल्या. एवढेच काम होते.

चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. आमच्या मिस्त्रींना गिअर म्हणजे दांडा माहीत. स्टिअरिंगच्या खांबावरचा दांडा तर डॉजपासून फियाटपर्यंत सर्वांना. त्याची बुशे झिजली की तो दोन गिअरांच्या मध्ये अडके आणि बोनेट उघडून खालचे दोन्ही हात एका रेषेत आणले की सुटे. पण शेवरोलेटच्या पॉवरग्लाइडमध्ये, १९५० सालापासून, क्लचच नाही. इंजिन तेल ढवळते आणि तेल चाके फिरवते. या पेटीला लाल रंगाचे स्वतंत्र तेल लागते, ते येथे मिळत नसे. साधे इंजिन ऑइल घालून पुष्कळ पेट्यांचा लोकांनी बळी दिला. तेल तपासावयाचे ते इंजिन गरम आणि चालू असताना; बंद इंजिनात पाहणाऱ्याला पातळी नेहमीच चुकीची दिसते. तेल लाल असेल तर ठीक, तपकिरी होऊन जळका वास आला तर आतल्या चकत्या जळाल्या असे समजावे. बॅटरी उतरली की गाडी ढकलण्याची आपली राष्ट्रीय सवय, तीही येथे निरुपयोगी. जुन्या पेट्यांना मागे दुसरा पंप असे म्हणून ताशी पंचवीस-तीस मैल वेगाने ओढल्यास इंजिन फिरे. १९६५-६६ नंतरच्या बहुतेक पेट्यांत तो पंपही काढून टाकला गेला.

अशीच एक इंपाला देवळालीहून आमच्याकडे आली होती. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट, आणि दोन ठिकाणी सल्ला मिळालेला की इंजिन बोअर करावे लागेल. व्ही-आठ इंजिनाला आठ पिस्टन, आणि एकही बाजारात नाही. मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "साहेब, इंजिनचे ऑइल कमी होते का?" साहेब म्हणाले, "नाही, गिअरचे होते. पण गळती कोठे दिसत नाही." मिस्त्रींनी आणखी एकच प्रश्न विचारला: गिअर हल्ली उशिरा आणि धक्का देऊन बदलतो का? तो तसाच बदलत होता. गिअरबॉक्सच्या बगलेला एक लहान डबी असते. इंजिनावर भार किती आहे हे तिला इंजिनाच्या ओढीवरून कळते, म्हणून एका बारीक नळीने ती इनलेट मॅनिफोल्डशी जोडलेली असते. डबीतला पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचे तेल पिऊ लागते आणि ते जळून धूर होतो. मिस्त्रींनी नळी उपसून रुमालावर टेकवली. रुमालावर लाल डाग पडला. धुराचे कारण इंजिनात नव्हते. डबी मुंबईहून महिन्याने आली, तोवर नळीला बूच मारून गाडी शेडीत उभी राहिली. आठ पिस्टनांचा खर्च एका पडद्यावर निभावला.

सर्व गाड्यांचे नशीब असे नव्हते. १९७३ नंतर पेट्रोल महागले आणि पुष्कळ अमेरिकन गाड्यांतून मूळ इंजिन उपटून डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत पडली. मद्रासला सिम्प्सन कंपनी पर्किन्सची डिझेल इंजिने बनवीत असे. ट्रक-ट्रॅक्टरांसाठी घडलेली तसली इंजिने इंपाला आणि डॉजच्या बोनेटखाली जाऊन बसली. हिशेबाने ते बरोबरच होते. ज्याला गाडीवर पोट भरावयाचे त्याने दुसरे काय करावे? पण इंजिनच बदलले की निदानाचा प्रश्न उरत नाही. व्ही-आठ इंजिने भंगारात वजनावर गेली, आणि ज्या विद्येला रोगीच उरला नाही ती विद्याही हळूहळू मावळली.

आज त्या विद्येची पुन्हा गरज पडली आहे, हा काळाचा विनोद म्हणावा. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. अट अशी की, गाडी मूळ रूपात असली पाहिजे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे जिच्यात डिझेल बसले ती इंपाला या मानाच्या पंक्तीतून उठली. ज्यांनी मूळ इंजिन जपले, मग ते दारिद्र्यामुळे असो की हट्टामुळे, त्यांच्या गाडीला आता किंमत आली. आणि ती चालती ठेवावयाची तर जुन्या आजारांत नव्यांची भर पडली आहे. २००० सालापासून देशभर पेट्रोलमधले शिसे गेले. हवेच्या दृष्टीने ते उत्तमच झाले, परंतु जुन्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या नरम बैठका शिशाच्या थराने जपल्या जात, त्या आता घाटाच्या भाराने झिजू शकतात. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाला त्याने बाजार मिळाला, पण जुने रबरी पडदे आणि नळ्या त्याने फुगतात, आणि पेट्रोलची वाफ होण्याचा जुना आजारही काही ठिकाणी परत येतो. नव्या इंजिन ऑइलमध्ये जस्ताचे प्रमाण कमी केलेले असते. जुन्या कॅमशाफ्टला ते पुरत नाही. व्ही-आठच्या पुढच्या पुलीचे बाहेरचे कडे रबरावर बसवलेले असते. पन्नास वर्षांत ते सरकते, आणि त्यावरची टायमिंगची खूण खोटे बोलू लागते. खुणेवर विश्वासून टायमिंग लावणारा तरुण गाडी तापते म्हणून रेडिएटर बदलीत राहतो. आधी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन खरोखर माथ्यावर केव्हा येतो हे प्लगच्या भोकातून तपासावे, मग खुणेला विचारावे. हे त्याला सांगणारे कोणी उरलेले नाही.

त्याला संगणकावर बिघाडाचा क्रमांक वाचण्याची सवय आहे, आणि त्यात त्याचा दोष नाही. नव्या गाड्या आपले दुखणे स्वतः सांगतात. जुनी गाडी मुकी असते. तिला विचारावे लागते, तेही योग्य क्रमाने. आपल्या मिस्त्रींनी हा क्रम जुळवला तो पुस्तकाशिवाय, हत्यारांच्या तुटवड्यात, आणि चुकल्यास दुसऱ्याच्या भाकरीवर गदा येते या जाणिवेने. त्यांचा उगाच गौरव करण्याचेही कारण नाही. इंजिन ऑइल घालून जाळलेल्या गिअरबॉक्स आणि विनाकारण बोअर केलेली इंजिने याच गॅरेजांत झाली. पण जे बरोबर झाले ते कोणी लिहून ठेवले नाही. आमच्याकडे वैद्यकावर पोथ्या आहेत, घोड्यांच्या परीक्षेवर आहेत, विहिरीचे पाणी शोधण्यावरही आहेत. मोटारीच्या निदानावर मराठीत अशी पोथी नाही, आणि जे ती सांगू शकतील त्यांतले बहुतेक आता ऐंशीच्या पुढे आहेत. सिन्नर फाट्याकडच्या एखाद्या शेडीत असा एखादा म्हातारा अजून खाटेवर बसलेला सापडतो. त्याच्यापाशी वही-पेन्सिल घेऊन बसणारा कोणी तरी पाहिजे, आणि तो या हिवाळ्यातच बसला पाहिजे.